कानोबाची हजेरी

ईश्वरीची पाळी सुरू झाली, हे दोघींनाच माहीत होतं. एक ईश्वरी स्वतः आणि दुसरी तिची चुलतबहीण प्रांजली. तरीही महिना उलटायच्या आत ईश्वरीला बघायला पाहुणे यायचं ठरलं.

शनिवारी दुपारी प्रांजली बॅटरीवरच्या एसटीनं तालुक्याहून निंबडोहला आली, तेव्हा ईश्वरी समाजमंदिराच्या पायरीवर बसली होती. अंगावर शाळेचाच गणवेश होता. ती उठली नाही, हसली नाही.

"तायडे, तू आईला सांगितलंस का?"

"काय सांगितलं?"

"तुला माहीत आहे काय ते."

प्रांजलीनं पिशवी खाली ठेवली. "नाही गं. मी कशाला सांगू? तूच नको म्हणाली होतीस."

"मग तिला कसं कळलं? गयामावशीला कसं कळलं? पुढच्या सोमवारी पाहुणे येणारेत. जिंतूरकडचे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो म्हणे." ईश्वरीचा आवाज चिरकला. "मला तेरावं पण सरलं नाही अजून. मी कपडे वेगळे धुतले, पॅड तू सांगितलंस तसे कागदात गुंडाळून शाळेतल्या भट्टीत टाकले. मैत्रिणीला सुद्धा बोलले नाही. फक्त तुला बोलले."

ईश्वरी उठली आणि जाता जाता म्हणाली, "मेघाचं लग्न लावलं तेव्हा पण असंच झालं होतं. तिनं पण तुलाच विचारलं होतं ना काहीतरी?"

प्रांजली खंदारे एकोणीस वर्षांची होती. तालुक्याला परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि दर शनिवार-रविवार गावी येऊन 'मोकळीक' नावाचा गट चालवत होती. गावातली कॉलेजच्या वयाची सात-आठ मुलंमुली त्यात होती. ती शाळेतल्या पोरांशी बोलत. पाळी म्हणजे काय, मुलांचा आवाज का फुटतो, कुणी नको तिथं हात लावला तर काय करायचं, लग्नाचं वय कायद्यानं किती आणि का, असं सगळं. आईबाप ज्यावर बोलत नाहीत आणि मास्तर जो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात, तो धडा इथं शिकवला जाई. गटाचा नियम एकच होता. इथलं इथंच.

त्या शनिवारी बैठकीला चार पोरं आली. एरवी सतरंजी पुरत नसे. आलेल्यांत मुलगी एकही नव्हती.

बाहेर आदेश कसबे काटक्या पेटवून हलगी शेकत होता. गटाच्या पथनाट्यांना हलगी त्याचीच असे. प्रांजली त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. विचारू नये असं तिला वाटत होतं, आणि तरी तिनं विचारलं.

"ईश्वरीला मी पॅड दिले, तेव्हा तू इथंच होतास ना?"

"होतो. मग?"

"कुठं बोललास का?"

आदेशनं हलगी जाळावरून बाजूला घेतली. "हे तू मला विचारायलीस?"

"सगळ्यांनाच विचारणार आहे."

"बाकीच्यांना विचारून माझ्याकडं आली असतीस तर बरं वाटलं असतं." त्यानं एक काटकी मोडून जाळात टाकली. मग म्हणाला, "माणसांवर संशय घेतेस, तर त्याच्यावर का नाही घेत? तो तर रोज ऐकतो."

"कोण?"

"कानोबा."

कानोबा म्हणजे शाळेतलं हजेरीचं यंत्र. फळ्याच्या वर बसवलेली ताटाएवढी गोल जाळी आणि बाईंच्या टेबलावर एक छोटा पडदा. सकाळी तो एकेकाचं नाव घेई आणि पोरं 'हजर' म्हणत. आवाजावरून पोर ओळखे, म्हणून एकानं दुसऱ्याची हजेरी लावायची सोय उरली नव्हती. सगळं कान देऊन ऐकतो म्हणून पोरांनीच त्याला कानोबा म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला गुलालही लावला होता.

तो गावात आला, त्यालाही 'मोकळीक'च कारण झाली होती. दोन वर्षांपूर्वी परिपाठात आठवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळत, पण इयत्तेप्रमाणं. आता रक्त तांबडं असतं ते लोहामुळं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम रक्तातला जो पदार्थ करतो, तो लोहाशिवाय तयार होत नाही. दर महिन्याला ज्या मुलीच्या अंगातून रक्त जातं, तिला लोह जास्त लागतं. मग सातवीतल्या सगळ्यांना सारखीच गोळी कशी पुरणार? गटानं ग्रामपंचायतीपुढं पथनाट्य केलं. 'वयावर नको, गरजेवर द्या!' ही घोषणा प्रांजलीची होती. हलगीच्या ठेक्यावर ती जिल्ह्यापर्यंत गेली, आणि पुढच्या जूनमध्ये निंबडोहच्या शाळेत कानोबा आला. तो हजेरीही घेई आणि सोमवारी कुणाला कोणती गोळी द्यायची तेही सांगे.

तो हे कशावरून ठरवतो, असं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. प्रांजलीनंही नाही. मागितलेलं मिळालं, म्हणून पेढे वाटले होते.

शनिवारची शाळा सकाळची असली तरी हिवाळे बाई संध्याकाळपर्यंत थांबत. प्रांजलीला सातवीत विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि शाळेतल्या झाडांना अजून त्याच पाणी घालत होत्या. प्रांजली आणि आदेश आत आले, तेव्हा बाईंनी दोघांकडं चष्म्यावरून पाहिलं.

"भांडून आलात का?"

"बाई, कानोबा घरी काय कळवतो?" प्रांजलीनं सरळ विचारलं.

"काही नाही. तुला बघायचंय? बघ." बाईंनी पडदा तिच्याकडं फिरवला. पालकांना संदेश या ओळीपुढं 'बंद' असं लिहिलं होतं.

"बंद लिहिलं म्हणजे बंदच असंल असं कुठंय?" आदेश म्हणाला. "आमच्या बोअरच्या पेटीवर पण बंद लिहिलेलं असतं. मोटार चालूच."

बाई हसल्या, पण प्रांजली हसली नाही. ती नावं वाचत होती. प्रत्येक नावापुढं एक रंग होता. लहान पोरांपुढं गुलाबी, वाढीला लागलेल्यांपुढं पिवळा. काही मुलींपुढं निळा.

ईश्वरी मारोती खंदारे. निळी.

"हिला निळी कधीपासून?"

"झाला असेल महिना. का गं?"

ईश्वरी प्रांजलीकडं रडत आली होती, ते त्याच आठवड्यात. "बाई, याला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला नको. आवाजावरून ओळखतो म्हणाले प्रशिक्षणात. आम्ही पोरांना एवढंच सांगतो, की ज्यांचं रक्त कमी त्यांना निळी."

"आवाजावरून रक्त?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या समजावून सांगू लागल्या की आधी चष्मा पुसत. "घशात दोन पडदे असतात. स्वरतंतू. त्यांच्या थरथरण्यातून आवाज निघतो. मुलगा वयात आला की ते लांब, जाड होतात आणि आवाज फुटतो, हे तर सगळ्या गावाला ऐकू येतं. मुलींचा पण बदलतो. पण इतका थोडा, की आपल्या कानाला पत्ता लागत नाही. शिवाय पाळीच्या आगेमागे शरीरातले रस कमीजास्त होतात. संप्रेरकं म्हणतो आपण त्यांना. त्यांच्यामुळं त्या पडद्यांवरचा ओलसर थर थोडा फुगतो आणि परत ओसरतो."

"हलगीसारखं," आदेश एकदम म्हणाला. "हवेत ओल असली की कातडं सैल पडतं, आवाज बसतो. जाळावर धरलं की चढतो. म्हणून तर वाजवायच्या आधी शेकावी लागती."

"अगदी तसंच. आता विचार कर, तू एकच थाप रोज सकाळी मारलीस आणि कुणीतरी वर्षभर ती रोज ऐकून ठेवली. कालची आणि आजची ताडून पाहिली. त्याला कळेल ना, तुझी हलगी कोणत्या दिवशी ओली होती? कानोबा दुसरं काही करत नाही. एका पोरीचा आवाज तो दुसरीशी ताडत नाही, तिच्याच कालच्या आवाजाशी ताडतो. पहिल्या पाळीच्या आधीच तो महिन्यानं खालीवर व्हायला लागतो, आणि तसा झाला, की गोळी निळी."

जाळीमागं बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

"म्हणजे ईश्वरीच्या आईच्या आधी याला कळलं," प्रांजली म्हणाली. "आणि ईश्वरीला कुणी विचारलं पण नाही."

"विचारायला पाहिजे होतं," बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या डोक्यात आलं नाही. पोरी चक्कर येऊन पडायच्या थांबल्या, त्यातच आम्ही खूश."

"बाई, तुम्ही तर कुणाला बोलला नाहीत?"

हे शब्द तोंडातून गेल्यावर प्रांजलीला स्वतःचीच लाज वाटली. बाईंनी पडदा स्वतःकडं फिरवून घेतला आणि म्हणाल्या, "तार काढून टाकावीशी वाटत असेल तुला. पण तार काढली तर हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही तर गोळ्या येत नाहीत. नीट विचार करून सांग मला, काय करायचं."

रविवारी सकाळी प्रांजली चुलत्याच्या घरी गेली. तिनं ठरवलं होतं, आडून आडून विचारायचं नाही. शोभाकाकू चुलीपुढं भाकरी थापत होती. ईश्वरी पाणी भरायला गेली होती आणि मारोतीकाका रानात.

"काकू, ईश्वरीचं तुला कुणी सांगितलं?"

काकूचा हात थांबला नाही. "ये की. आली तशी उभी का? बस."

"काकू."

"सांगायचं कुणी? तू तर नाही सांगितलंस." भाकर तव्यावर पडली. "पोरीनं पण नाही सांगितलं. जिभेनं सांगितलं तिच्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? महिना झाला, सोमवारी पोरगी जेवायला बसली, तोंड उघडलं, तर जीभ निळी. आदल्या सोमवारपर्यंत पिवळी होती. निळी जीभ झाली की पोरगी मोठी झाली, हे गावात कुण्या बाईला ठावं नाही? तू सोमवारी गावात नसतीस, म्हणून तुला माहीत नाही."

प्रांजली खाली बसली. गोळी पोरं थुंकून टाकत, म्हणून तिला गोड रंगीत पूड लावलेली असे. रंग असा पक्का, की दिवसभर जिभेवर राहावा. बाईंना एकेकासमोर उभं राहून गोळी गिळवायला वेळ नसे. दुपारी सगळ्यांना 'जीभ दाखवा' म्हटलं, की कुणी खाल्ली आणि कुणी फेकली ते कळे. मोठ्या हुशारीनं योजलेली सोय होती. प्रांजली आदल्या रात्रीपासून तारा, संदेश आणि चोरून ऐकणारी माणसं शोधत होती, आणि गोष्ट पोरींच्या तोंडातच होती.

"गयाबाई तर सोमवारी शाळा सुटायच्या वक्ताला पारावरच बसून असती," काकू सांगत होती. "ओच्यात लिमलेटच्या गोळ्या. 'ये गं बाळा, आ कर.' पोरी आ करत्यात. तिला काय, लग्नं जमवायचा सोस. मेघाचं पण तिनंच जमवलं की."

मेघा. सहावीत होती. मागच्या वर्षी तिला मामाच्या गावी नेलं आणि तिथंच गुपचूप लग्न लावून दिलं. नंतर एकदा कुणाच्या तरी फोनवरून ती प्रांजलीशी बोलली होती. 'ताई, मला तर तेव्हा पाळी आलीच नव्हती. सगळे म्हणायले आली, आली. मी नाही म्हणले तर म्हणले खोटं बोलती.' तेव्हा प्रांजलीला त्याचा अर्थ लागला नव्हता. मेघा त्या दिवसांत कबड्डीच्या संघात होती. रोज घसा फोडून ओरडायची. आवाज बसायचा, सुटायचा, परत बसायचा.

"काकू, मेघाची पाळी आली नव्हती. कानोबा चुकला होता."

काकूनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. तव्यावरची भाकर करपायला लागली होती.

"तुझा राग आलाय मला, प्रांजली," ती म्हणाली. "पोरीनं तुला सांगितलं. मी आई असून मला नाही."

"तुला का नाही सांगितलं, ते विचार की तिला."

"कशाला विचारू? काय म्हणंल ती, ठावं हाय मला." काकूनं भाकर उलटली आणि बोलणं संपवलं.

बुधवारी बालसभा होती. ग्रामसभेच्या आधी पोरांची सभा घ्यायची, असा नियम असल्यामुळं ती दरवेळी उरकली जाई. पोरांनी खेळायला मैदान मागायचं, सरपंचांनी 'बघू' म्हणायचं आणि बिस्किटं वाटायची. या वेळी प्रांजलीनं कॉलेज बुडवलं. यंत्राच्या कंपनीचा एक तरुण साहेब बाईंनी आग्रहानं बोलावला होता. मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांत शोभाकाकू होती आणि गयाबाईही.

प्रांजलीनं दोन मागण्या वाचल्या. सगळ्या गोळ्यांचा रंग एकच करावा. आणि आवाजावरून शरीराचं काही ओळखायचं असेल, तर आधी त्या मुलाला किंवा मुलीला समजावून सांगावं, विचारावं, आणि जे कळेल ते आधी त्यालाच सांगावं.

साहेब नम्र होता. "ताई, गरजेनुसार गोळी ही तुमच्याच गावाची मागणी होती. आम्ही तुमचा व्हिडिओ सगळीकडं दाखवतो."

"मागणी आमचीच होती," प्रांजली म्हणाली. "कसं ओळखणार, ते आम्ही विचारलं नाही. ते आता विचारतोय."

"रंग बदलायला वर्ष लागेल. आणि लहान मुलांना प्रत्येक गोष्ट विचारत बसलं तर..."

"अहो, लेकरांना काय कळतंय त्यातलं," सरपंच म्हणाले. "आणि हा विषय चारचौघांत काढायचा का? बायका बसल्यात."

ग्रामसेवक मोबाइलमध्ये बघत होते. गावात बालविवाह होऊ नये, हे बघायचं काम कायद्यानं त्यांच्याकडं होतं.

तेवढ्यात सातवीच्या रांगेतून ईश्वरी उभी राहिली. प्रांजलीनं तिला सांगितलेलं नव्हतं. ती शनिवारपासून प्रांजलीशी बोललीही नव्हती.

"चारचौघांत मी नाही काढला," ती म्हणाली. "माझी जीभ सगळ्या गावानं बघितली, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. मग आता मी बोलते. माझी पाळी सुरू झालीय. मला वाटलं होतं, आधी मी स्वतः समजून घेईन, मग आईला सांगेन. आईला लगेच नाही सांगितलं, कारण मेघानं काहीच सांगितलं नव्हतं, तरी तिची शाळा सुटली. मी सांगितलं असतं तर?" तिला धाप लागली होती. "माझ्या अंगातली गोष्ट यंत्राला कळली, गयामावशीला कळली, जिंतूरच्या पाहुण्यांना कळली. मला सांगायची पाळी आलीच नाही."

मागून गयाबाई म्हणाली, "बघा कशी बोलायली! हे शिकवत्यात त्या गटात."

"होय, हेच शिकवतो," आदेश भिंतीजवळून म्हणाला.

सरपंचांनी मागण्या 'वर पाठवतो' म्हटलं आणि बिस्किटं वाटायला सांगितली. प्रांजलीनं मागं वळून पाहिलं. शोभाकाकूची जागा रिकामी होती.

सभेनंतर ईश्वरी प्रांजलीपाशी आली. "तू सांगितलं नव्हतंस. मला नंतर बाईंकडून कळलं."

"तुला तसं वाटणं बरोबरच होतं. मी पण आदेशला विचारलं, बाईंना विचारलं."

"आता काय? पाहुणे तर सोमवारीच येणारेत. मदतीच्या नंबरवर फोन करायचा?"

"तू म्हणशील तर आत्ता करते. करायलाच लागला, तर तू नको म्हणालीस तरी करीन, हे आधीच सांगते. लपवून करणार नाही."

ईश्वरीनं विचार केला. "सोमवारी संध्याकाळपर्यंत थांब. मला आधी आईशी बोलायचंय." मग तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा खोडकरपणा आला. "आणि गणपत बर्फगोळेवाल्याला सोमवारी शाळेच्या फाटकाशी गाडी लावायला सांगशील का? फक्त निळा रंग आण म्हणावं."

सोमवारी निंबडोहमध्ये बर्फाच्या गोळ्याला जेवढी गर्दी झाली, तेवढी जत्रेतही होत नाही. पहिलीच्या पोरांनी खाल्ला, आवाज फुटलेल्या दहावीच्या पोरांनी खाल्ला. आदेशनं हलगी वाजवत एका हातानं खाल्ला. हिवाळे बाईंचे दात हलत होते, तरी त्यांनी खाल्ला. शाळा सुटल्यावर गयाबाई पारावर बसली होती. पोरं तिच्यासमोर रांगेनं उभी राहिली आणि न सांगता आ करून गेली. सगळ्या जिभा निळ्या. गयाबाईनं लिमलेटच्या गोळ्या ओच्यात घट्ट बांधल्या आणि ती तडक मारोतीकाकांच्या घराकडं निघाली.

पाहुणे चार होते. ओसरीवर सतरंजी टाकली होती. प्रांजली दाराशी उभी होती, हातातल्या मोबाइलवर मदतीचा नंबर तयार ठेवून. ईश्वरी आत होती. ती आईशी काय बोलली, हे प्रांजलीला माहीत नव्हतं.

"पोरगी वयात आलीय, बघा," गयाबाई म्हणाली. "मी खात्री केल्याबिगर बोलत नाही. ईश्वरे, ये गं बाहेर. जीभ दाखव पाहुण्यांना."

ईश्वरी आली नाही. तिचा सहा वर्षांचा भाऊ धावत आला आणि त्यानं जीभ काढली. निळीशार.

पाहुण्यांपैकी म्हातारा दचकला. "हे काय?"

मग चहाचं ताट घेऊन शोभाकाकू आली. ताट खाली ठेवून ती गयाबाईसमोर उभी राहिली, आणि पदर न सावरता तिनं स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. ती पण निळी होती.

"आमच्या घरात सगळेच मोठे झालेत, गयाबाई."

एक पाहुणा हसला. बाकीचे हसले नाहीत.

"मला पंधराव्या वर्षी दिली," काकू म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "माझं कुणी काही बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. सोळाव्या वर्षी पहिलं लेकरू गेलं. माझ्या पोरीनं मला पाळीचं सांगितलं नाही, का तर तिला वाटलं, आई मला देऊन टाकंल. आणि मी देतच होते की. काल रात्री तिनं मला सगळं सांगितलं. तिनं, तिच्या तोंडानं." ती पाहुण्यांकडं वळली. "चहा घ्या. पोरगी लहान आहे. अठरा पुरी झाल्यावर तिला विचारा. मला पण नका विचारू."

सगळे मारोतीकाकांकडं बघू लागले. काकांनी खाकरून घसा साफ केला. "घ्या, चहा घ्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठाआडची निळाई सगळ्यांना दिसली. त्यांनी चटकन तोंड पुसलं. "पोरानं भरवला गोळा," ते ओशाळून म्हणाले. "बाकी, ही म्हणती तसंच. शिकायलीय पोरगी अजून."

प्रांजलीनं मोबाइल खिशात टाकला. पण नंबर पुसला नाही.

रंग बदलायला वर्ष लागणार होतं. पण दुसऱ्या गावांच्या शाळांतही गोळेवाल्यांच्या गाड्या लागायला लागल्या, आणि महिन्याभरातच पांढऱ्या गोळ्या आल्या. प्रत्येकाच्या नावाची बंद पुडी, आत एक गोळी किंवा दोन. सरपंचांनी सत्काराचा बेत केला. प्रांजली म्हणाली, "दुसऱ्या मागणीचं काय?" ते म्हणाले, विचाराधीन आहे.

त्या सोमवारी ती बाईंच्या परवानगीनं सातवीच्या वर्गात मागं बसली होती. हिरवा दिवा लागला. कानोबा एकेक नाव घेऊ लागला.

"ईश्वरी मारोती खंदारे."

ईश्वरी उभी राहिली, हात वर केला आणि गप्प राहिली.

"ईश्वरी मारोती खंदारे. कृपया हजर म्हणा."

"नाही म्हणणार," ती बाईंना म्हणाली. "रंग गेला, पण कान तसेच आहेत. माझं काय काय ऐकून ठेवलंय, ते आधी मला सांगू दे त्याला."

मागून आणखी दोन मुली उभ्या राहिल्या. मग एक मुलगा, ज्याचा आवाज नुकताच फुटत होता. त्यानंही फक्त हात वर केला.

हिवाळे बाई जाळीकडं बघत राहिल्या. हजेरी नाही, तर गोळ्या नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"हजर," त्या म्हणाल्या.

कानोबा थांबला. एरवी तो लगेच पुढचं नाव घेई.

"कृपया पुन्हा म्हणा."

"हजर," बाई सत्तावन्न वर्षांच्या, जरा घोगऱ्या, सगळ्या वर्गाला पाठ असलेल्या आवाजात म्हणाल्या. मग पुढच्या नावालाही त्याच हजर म्हणाल्या, आणि त्याच्या पुढच्याही. पोरं तोंड दाबून हसू लागली. टेबलावरच्या पडद्यावर नावांपुढं भराभर प्रश्नचिन्हं उमटत होती. बाईंनी पडदा पालथा घातला, नावाच्या पुड्या टेबलावरच ठेवल्या आणि सुट्या गोळ्यांचा डबा घेऊन ईश्वरीला व्हरांड्यात बोलावलं.

"एक की दोन?" त्यांनी हळूच विचारलं. "लोह कशाला लागतं ते तुला माहीत आहे. कारण सांगायची गरज नाही."

ईश्वरीनं थोडा विचार केला. "दोन," ती म्हणाली, आणि हात पुढं केला.

आत कानोबा बाईंच्या रिकाम्या खुर्चीला विचारत होता, "हा आवाज विद्यार्थ्यांचा आहे का? खात्री करावी. हा आवाज कुणाचा आहे?"